चौऱ्याऐंशी सूर

शालन माहेरी जाऊन दुसरा दिवस होता. मी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं, तिची पेटी पाटावर ठेवली आणि मागचे स्क्रू काढायला लागलो. शेजारच्या दुकानात सतारीच्या भोपळ्याला पॉलिश चाललं होतं, त्याचा वास येत होता. कोणी विचारलंच तर उंदरानं भाता कुरतडलाय असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. कोणी आलं नाही.

मिरजेत वाद्यांची दुकानं पुष्कळ. त्या ओळीच्या टोकाला माझं, फक्त पेटी दुरुस्तीचं. पेटीच्या आत पितळेच्या पट्ट्या असतात, त्यांना आम्ही सूर म्हणतो. शालनच्या पेटीत ते दुहेरी होते. बेचाळीस आणि बेचाळीस, म्हणजे चौऱ्याऐंशी. सुराची जीभ टोकाशी घासली की आवाज चढतो, मुळाशी घासली की उतरतो. मी एकेक सूर काढला, मुळाशी बारीक कानस फिरवली, वाजवून बघितला आणि परत बसवला. पूर्ण दोन दिवस लागले. शेवटी सगळी पेटी अर्ध्या सुरानं खाली आली. वरून बघितलं तर काही फरक नाही. काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, जागच्या जागीच होती. दाबली की मात्र तिच्या शेजारच्या पट्टीचा आवाज निघायचा.

हे मी का केलं ते आदल्या गुरुवारपासून सांगायला हवं.

आमच्या गल्लीच्या दत्तमंदिरात दर गुरुवारी संध्याकाळी बायकांचं भजन असायचं. नऊ बायका, आणि पेटीवर मी. शालन पुढं म्हणायची, बाकीच्या मागून. काळी चार ही तिची पट्टी. मी सूर दिलेला तिला चालायचा नाही. ती स्वतः हात लांब करून काळी चार दाबायची, डोळे मिटायची, सूर घ्यायची आणि मग माझ्याकडं बघायची. तिनं बघितलं की मी सुरू करायचं. लग्न झाल्यापासून वीस वर्षं हीच पद्धत.

शालन चौथीपर्यंत शिकलेली. माहेरी तिला कोणी गाऊ दिलं नव्हतं. आमच्याकडं आल्यावर मी दुरुस्त केलेल्या पेट्या वाजवून बघायचो, तेव्हा ती चूल सोडून दारात येऊन गुणगुणायची. तिथून तिचं गाणं सुरू झालं. पुढं पुढं आमच्या भागात लोक तिला पांचाळाची बायको म्हणत नसत, मलाच शालनबाईंचा पेटीवाला म्हणत. मला त्याचं बरंच वाटायचं.

त्या गुरुवारी वरच्या ओळीला तिचा आवाज गेला नाही. दोनदा प्रयत्न केला, दोनदा चिरकला. घसा बसलाय म्हणून तिनं वेळ मारून नेली. घरी आल्यावर कणीक मळता मळता थांबली आणि म्हणाली, "माझं संपलं वाटतं. आता मागच्या अनसूयेला पुढं बसवा." हसत म्हणाली. पण हात परातीत तसेच राहिले. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. मला ते बघवलं नाही.

माहेराहून आल्यावर पहिल्याच गुरुवारी तिनं काळी चार दाबली, सूर घेतला आणि सगळं भजन नीट म्हटलं. घरी येताना चालता चालता माझ्या हाताला हात लावून म्हणाली, "बघा, आला का न्हाई परत आवाज? माहेरचं पाणी लागलं."

मी म्हटलं, लागलं.

पाच महिन्यांनी परत तसंच झालं. ती रेखाकडं इचलकरंजीला गेली होती, तेव्हा मी पेटी परत उघडली आणि आणखी अर्धा सूर उतरवली. रेखा आमची एकुलती मुलगी, नुकतंच लग्न झालेली. त्यानंतर पावसाळ्यात तिसऱ्यांदा. सूर आता घासून घासून मुळाशी पातळ झाले होते, आणखी घासले असते तर जीभ तुटली असती. म्हणून मी गुजरातेतल्या पालिताण्याहून नवे, एका मापानं मोठे सूर मागवले आणि सगळा संच बदलला. पेटी आणखी एक पूर्ण सूर खाली गेली. तिला सांगितलं, तुझ्या पेटीला नवे सूर बसवतोय. तिनं त्या दिवशी शिरा केला.

मंडळात गोदाक्का नावाची म्हातारी टाळ धरायची. तोंडाची फटकळ. ती एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "काय वो पांचाळ, तुमची पेटी बी तुमच्यागतच जाड झालीया." सगळ्या हसल्या. मी सांगितलं, पावसाळा आहे, लाकूड फुगतं. अनसूया तेवढी हसली नाही. ती शालनच्या मागं बसायची, नवरा वारल्यावर साड्यांना फॉल-पिको करून पोट भरायची. गळा चांगला होता, पण कधी पुढं आली नाही.

त्याच वर्षात शालनची पाळी थांबली. गोदाक्का म्हणाली, सुटलीस बाई लवकर, मला पन्नाशीपर्यंत जाच होता. शालनलाही सुटल्यासारखंच वाटलं. नंतर ती दुपारी आरसा घेऊन खिडकीत बसायला लागली. आरशामागं चिमटा ठेवलेला मला दिसला. पदर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची सवय तिला तेव्हाच लागली. मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. माझंही एक लपवलेलं होतंच.

दत्तजयंतीला एका गावच्या मठात मंडळाला बोलावणं आलं. पहिल्यांदाच गल्लीबाहेर, मोठा मांडव, माईक. आम्ही टेम्पोनं गेलो. वाटेत ड्रायव्हरनं गचकन ब्रेक मारला, पेटीवर टाळांची पिशवी पडली आणि भाता उभा फाटला. मी उतरल्यावर बघितलं, तिथं शिवण्यासारखा नव्हता.

मठातल्या लोकांनी लगेच त्यांची पेटी आणून दिली. दिवाळीआधी ती माझ्याकडंच सुरात लावायला आली होती. पक्की सुरात होती. मी मनात म्हटलं, आज मीच सूर देतो, आमची उतरवलेली काळी चार जिथं बोलते ती पांढरी तीन धरतो, कोणाला कळणार नाही. शालनच्या तोंडात लवंग-ज्येष्ठमध घातलेला विडा होता. अनसूयेनं घरून करून आणला होता, सगळ्यांत आधी शालनला दिला होता. विडा संपवून शालन बसली आणि मी काही बोलायच्या आत तिनं हात लांब करून काळी चार दाबली.

डोळे मिटले. उघडले. परत दाबली. मग माझ्याकडं बघितलं.

पहिली ओळ कशीतरी निघाली. दुसरीला आवाज वर गेलाच नाही. तेरा-चौदा वर्षांच्या पोराचा फुटतो तसा फुटला, माईकमधून. मांडवात मागं कोणीतरी हसलं. तिनं परत पहिल्यापासून धरलं, परत काळी चारलाच. ती तिची पट्टी होती, ती का सोडेल? दुसऱ्यांदा आवाज फुटल्यावर ती थांबली. मी तिला न विचारता खाली पांढरी तीनवर आलो, अनसूयेनं मागून ओळ उचलली आणि बाकीच्यांनी ती ओढत नेली. शालन तोंड मिटून टाळ्या वाजवत राहिली. शेवटपर्यंत चुकली नाही टाळीला.

परतीच्या टेम्पोत आम्ही मागं दाटीनं बसलो होतो. अनसूया पुढं ड्रायव्हरशेजारी बसली होती. बऱ्याच वेळानं गोदाक्का म्हणाली, "शेंदूर."

गाणाऱ्याला शेंदूर खायला घातला की आवाज जातो, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत. तिच्या चुलतसासऱ्याचा आवाज असाच एका दिवसात गेला होता म्हणे, नाटकात होते. ती म्हणाली, "गेल्या गुरुवारी ठणठणीत, आज बंद. असं आपोआप हुतंय व्हय?"

शालन हळूच म्हणाली, "विडा अनसूयानं दिला."

माझ्या मांडीवर फाटकी पेटी होती. पेटी मी वर्षभर उतरवत आणलीय, एवढं सांगायला किती वेळ लागतो? पण ते सांगितलं असतं तर शालनला कळलं असतं की वर्षभरात एकाही गुरुवारी ती तिच्या पट्टीत नव्हती. मला वाटलं, उद्या सांगू, घरी नीट बसून सांगू. मिरज आली, सगळ्या उतरल्या. अनसूया शालनला हात द्यायला मागं आली, तर शालननं हात घेतला नाही.

त्या आठवड्यात मंडळानं अनसूयेला येऊ नको म्हणून निरोप धाडला.

चार दिवसांनी ती माझ्या दुकानात आली. मी एक सूर चिमट्यात धरून घासत होतो. ती उभीच राहिली.

"महादेवभाऊ, मी असं करीन का?"

मी मान वर केली नाही.

"तुमची पेटी उतरलीय," ती म्हणाली. "मला गेल्या पावसाळ्यापासून कळतंय. मी मागं बसते, मला माझा आवाज कुठं लागतो ते कळतं की. कुणाला बोलले नाही. आताही बोलणार नाही. मी सांगितलं तर शालनवहिनीला काय वाटंल? तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलेलं तिला चालंल."

मी म्हटलं, सांगतो.

ती गेल्यावर बघितलं, सूर नको तितका घासला गेला होता. टाकून द्यावा लागला.

मी सांगितलं नाही. दोन-तीनदा तोंडाशी आलं. तोवर गोदाक्कानं एका गावचा औषध देणारा शोधून काढला होता, शेंदूर उतरवणारा. तो रोज सकाळी तुपातून घ्यायची एक तपकिरी पूड द्यायचा. आंबट बंद, गाणं बंद, जास्त बोलणं बंद. शालननं ती पूड चार महिने घेतली. तोंड वाकडं करून घ्यायची, वर गरम पाणी प्यायची आणि मला विचारायची, आज थोडा सुटल्यासारखा वाटतोय का आवाज? तिचं पोट डावीकडं दुखायला लागलं, जरा फुगल्यासारखं दिसायला लागलं. औषधवाला म्हणाला, शेंदूर खाली उतरतोय, चांगली खूण आहे. मी तिला सायकलवर मागं बसवून न्यायचो आणि आणायचो.

चैत्रात रेखा आली. दारातून तिनं आईला हाक मारली आणि आतून ओ आली, तर तिला वाटलं मीच घरात आहे. मी तिच्या मागंच पिशवी घेऊन उभा होतो. रेखानं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाचं न ऐकता तिला बायकांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली.

मगदूम मॅडम पन्नाशीच्या असतील. त्यांनी सोनोग्राफी करून घेतली, रक्त पाठवलं, आणि चार दिवसांनी आम्हा दोघांना बोलावलं. रेखा बाहेर बाकावर थांबली. मॅडमनी कागद समोर ठेवले आणि शालनशीच बोलल्या, माझ्याशी नाही.

म्हणाल्या, डाव्या अंडाशयात गाठ आहे. ही गाठ नुसती वाढत नाही, पुरुषाच्या अंगात जे हार्मोन असतं ते तयार करते. रक्तात ते बाईच्या मानानं कितीतरी जास्त आलंय. म्हणून पाळी थांबली, म्हणून हनुवटीवर केस आले, म्हणून आवाज बदलला. अशी गाठ फार क्वचित होते, त्यांनी स्वतः वीस वर्षांत ही दुसरी बघितली.

हनुवटीचं नाव निघाल्यावर शालननं पदर ओढला. मॅडम म्हणाल्या, असू द्या, त्यात तुमचा काही दोष नाही. मग त्यांनी पेन उचललं.

"आवाज कधीपासून बदलला?"

"दत्तजयंतीपासून," शालन म्हणाली. "मला शेंदूर घातला होता."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी लिहिलंही नाही. म्हणाल्या, "चार महिन्यांत आवाज एवढा बदलला असेल, तर गाठ फार वेगानं वाढतीय असं मला धरावं लागेल. त्यावर पुढचं बरंच ठरतं. नीट आठवून सांगा. त्याआधी कधी जाड वाटला? वर जायला त्रास?"

"न्हाई. आदल्या गुरुवारपर्यंत चांगला होता. काळी चारला म्हणत होते मी." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सांगा की. तुम्हीच पेटीवर होता."

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या.

"अठरा महिने झाले," मी म्हटलं.

शालन म्हणाली, "काहीतरीच काय बोलताय?"

मी टेबलाकडं बघत सगळं सांगितलं. माहेरी गेलीस तेव्हा अर्धा, रेखाकडं गेलीस तेव्हा अर्धा, मग नवा संच लावून आणखी एक पूर्ण सूर. मॅडमना पेटीचं काही कळलं नसावं, त्या नुसत्या ऐकत होत्या. शालनला सगळं कळलं.

"एकूण किती उतरवलीत?"

"चार पट्ट्या."

बोटं मांडीवर हलली. "म्हणजे पांढरी तीन," ती म्हणाली. "मी पांढरी तीनला म्हणत होते."

मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर मला काहीतरी बोलेल. अठरा महिने गाठ वाढत होती, आणि मी त्यावर पांघरूण घालत बसलो होतो. हे तिच्या लक्षात यायला वेळ लागणार नव्हता. माझ्या तर त्या खुर्चीत बसल्या बसल्याच लक्षात आलं होतं.

ती म्हणाली, "म्हणजे अनसूयानं काही केलं न्हाई."

"नाही."

"हे तुम्हाला टेम्पोत माहीत होतं?"

"होतं."

मॅडमनी अठरा महिने असं लिहून घेतलं. उठताना मी त्यांना विचारलं, आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, "फरक पडला असता असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पडला नसता असंही सांगू शकत नाही." मला त्यांचा राग आला नाही.

बाहेर आल्यावर शालननं रेखाला घरी पाठवलं आणि रिक्षावाल्याला अनसूयेच्या गल्लीचं नाव सांगितलं. अनसूया दारात मशीन घालून बसली होती. आम्हाला बघून तिनं पाय थांबवला.

"चहा टाक," शालन म्हणाली.

"माझ्या हातचा?"

"तुझ्याच."

अनसूया आत गेली. स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला. शालन तिच्या मागं आत जाऊन जमिनीवर बसली. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. अनसूयेनं कपबशी आणून समोर ठेवली, शालननं ती दोन्ही हातांनी उचलली आणि बशीत न ओतता कपानंच सगळा चहा प्यायला, गरम गरम. मग पदरानं तोंड पुसलं. दोघी हळू आवाजात काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मला कोणी आत ये म्हटलं नाही.

पुढचे आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, हिरवा गाऊन घातलेला, तेव्हा तिनं मला कॉटजवळ बोलावलं.

"एक कबूल करा. माझ्याबद्दलचं काही माझ्यापासून लपवायचं न्हाई. चांगलं असू दे, वाईट असू दे. मला बरं वाटावं म्हणून तर अजिबात न्हाई."

मी हो म्हटलं.

"रेखाची शपथ घ्या."

घेतली.

गाठ संत्र्याएवढी होती आणि एका बाजूनं फुटलेली होती. गर्भपिशवीसकट सगळं काढलं. नंतर केमोथेरपीची सलाईनं झाली. मॅडमनी सांगितलं, ही गाठ परत येऊ शकते, तेव्हा आधी दर तीन महिन्यांनी आणि दोन वर्षांनंतर सहा महिन्यांनी तपासणी, ती सोडायची नाही. रक्तातला तोच हार्मोनचा आकडा बघायचा. तो खाली राहिला म्हणजे ठीक. केस कमी होतील, आवाज मात्र परत येणार नाही, गळ्यातला बदल तसाच राहतो. शालननं ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, बोलता तरी येईल ना?

मी इंग्रजी शिकलो नाही, पण टेस्टोस्टेरॉन हा शब्द कागदावर ओळखायला शिकलो. रिपोर्ट मिळाला की आम्ही समोरच्या चहाच्या गाड्यावर बसायचो, मी बोट ठेवून आकडा शोधायचो आणि तिला वाचून दाखवायचो. मागचा अमुक, आजचा अमुक. एकदा थोडा वाढला होता, मर्यादेतच होता, तरी मी वाढलाय म्हणूनच सांगितलं. ती म्हणाली, बरं. चहा संपवून आम्ही घरी यायचो. तीन वर्षं असं चाललं. मंडळात अनसूया पुढं म्हणायला लागली. शालन तिच्या मागं बसून टाळ धरायची. गोदाक्का तिला कधी कधी म्हणायची, मलाच शेंदूर घाला आता, जिभेची कटकट तरी जाईल. शालन हसायची.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आकडा मागच्याच्या चौपट आला. मी बोट ठेवलं आणि दोनदा बघितलं. गाड्यावर गर्दी होती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"किती?"

मी सांगितला.

"चौपट," ती म्हणाली. हिशेब तिचा नेहमी माझ्या आधी व्हायचा. मग म्हणाली, "मंडईतून जाऊ. घरात भाजी न्हाई."

परत ऑपरेशन, परत सलाईनं. केस गेले, परत आले, पांढरे आले. वर्षभर आकडा खाली होता, मग चढायला लागला आणि उतरला नाही. शेवटच्या भेटीत मॅडमनी दोघांना समोर बसवून सांगितलं, आता औषध फक्त दुखू नये म्हणून. किती दिवस, हे शालननंच विचारलं. त्या म्हणाल्या, आठवडे. तिनं त्यांना नमस्कार केला.

तेव्हा रेखाला आठवा महिना होता. डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून सांगितलं होतं, ती इचलकरंजीलाच अडकली होती. फोनवर दोघी रोज बोलायच्या. शालन तिला काय खायचं, काय नाही ते सांगायची. फोन ठेवला की दमून डोळे मिटायची.

एका दुपारी मी तिचे पाय चेपत बसलो होतो. नुसती हाडं हाताला लागत होती. तिला झोप लागली असं वाटत होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, रेखाच्या बाळंतपणाला मी जाईन ना?"

मॅडम काय म्हणाल्या ते तिनं माझ्याशेजारी बसून ऐकलं होतं. तिला सगळं माहीत होतं. तरी विचारलं.

मी म्हटलं, "मॅडम म्हणाल्या की..." आणि थांबलो.

"मॅडमचं र्‍हाऊ दे. तुम्ही नुसतं हो म्हणा की."

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं. पाच वर्षं मी तिला प्रत्येक आकडा होता तसा सांगितला होता, आणि आता मला ते एक हो बाहेर काढता येईना. मी पेज आणतो म्हणून उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. पेज केलेलीच होती. ती वाटीत काढायला मला किती वेळ लागला ते सांगता येत नाही.

परत आलो तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून होती. मी हाक मारल्यावर वळली. दोन चमचे घेतले. मीठ कमी आहे म्हणाली.

तिनं परत विचारलं नाही. मी वाट बघत होतो, परत विचारलं तर म्हणायचं असं मनाशी पक्कं केलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

रेखाला मुलगी झाली ती त्यानंतर सतरा दिवसांनी.

आता बरीच वर्षं झाली. दुकानात गिऱ्हाईक नसलं, शेजारी कोणी नसलं, की मी म्हणून बघतो. हो, जाशील की. जाशील. न जायला काय झालं? आता ते सहज येतं तोंडात.